ड्रॉप-इन सेंटरमधला ‘पेच सोडवा’ गट: जावं का?

मुंबईतल्या या ड्रॉप-इन सेंटरवर नव्या सुया-सिरिंज मिळतात, जखमेचं ड्रेसिंग होतं, अंघोळीला पाणी असतं. सगळं मोफत, उलटतपासणी नाही. ते चोख आहे. बोलायचंय ते दर आठवड्याच्या गटाबद्दल. सुईने गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) घेणाऱ्यांना जोडीदाराशी, माल विकणाऱ्या पेडलरशी, घरच्यांशी येणारे पेच कसे सोडवायचे, ते तिथे शिकवतात.

साचा जुनाच, डी’झुरिला आणि गोल्डफ्राइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेला. अडचण नेमकी सांगायची, सुचतील ते सगळे मार्ग नावं न ठेवता मांडायचे, प्रत्येकाचा परिणाम बघायचा, एक निवडायचा आणि करून पाहिल्यावर पुढच्या वेळी येऊन सांगायचं. इथला समुपदेशक पहिल्या पायरीवर घाई करत नाही, हे विशेष. ‘तो माझी सिरिंज मागतो’ एवढ्यावर तो थांबू देत नाही. ‘त्याला टर्की लागलीय (नशा न मिळाल्याने अंग मोडून आलंय), पुडी दोघांच्या पैशांची आहे आणि सिरिंज एकच’ इथपर्यंत आणतो. मग मार्गही तसेच निघतात: जादा सिरिंज आधीच खिशात ठेवणं, दट्ट्याला रंगीत चिकटपट्टी लावून आपली ओळखणं, पुडी पाण्यात विरघळवण्याआधी कोरडीच वाटून घेणं. हा शेवटचा मुद्दा बऱ्याच ठिकाणी राहूनच जातो. सिरिंज वेगळी असली तरी पुडी विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस नि पाणी एकच असेल तर हेपॅटायटिस सी पसरतो.

बायकांच्या बाबतीत मात्र गट लंगडा पडतो. सरावातली सगळी उत्तरं ‘ठामपणे नाही म्हणा’ या वळणाची. पण पुष्कळ बायकांना टोचतो नवरा किंवा मित्र. आधी स्वतःला, मग त्याच सुईने तिला. तिथे ‘नाही’ म्हटलं की मार. त्यांना वेगळा गट हवा, बाई समुपदेशक हवी.

दुसरी खोट सिरिंज वाटपाच्या खिडकीवर. गटात सांगतात जादा सिरिंज ठेवा, खिडकीवर मात्र जुनी दिली तरच नवी. जादा येणार कुठून? पोलिसांच्या भीतीने वापरलेली सुई खिशात बाळगायला कोणी धजत नाही, मग बदल्यात द्यायला काय उरतं!

वेळ अचूक निवडलीय. ब्युप्रेनॉर्फिनची (गर्दऐवजी देतात त्या औषधाची) गोळी जिभेखाली विरघळायला ५-१० मिनिटं, मग चहा, मग गट. डोसआधी बसवलं की अर्धी माणसं दाराकडेच बघत असतात. ४५ मिनिटांत दोनच पेच घेतात, तेवढे पुरे. नव्याने जाणाऱ्याने आपलाच पेच घेऊन जावा. सरावाच्या छापील कार्डांवरचे फारच गोडगोड आहेत.