अप्पांसाठी घेतलेली ल्युटीनची कॅप्सूल, सात महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

पार्सल वेळेवर आलं, पॅकिंग मस्त होतं, असला रिव्ह्यू हा नाही. कंपनीचं नाव पण टाकत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीच, डोळ्यांसाठी म्हणून मेडिकलमधे जेवढी पाकिटं लावून ठेवलेली असतात त्यातल्या बऱ्याच जणांना ते लागू आहे. सात महिने झाले आम्ही या गोळ्या आणायलोत, त्यातले पहिले दोन महिने अक्षरशः पाण्यात गेले, आणि ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहायले.

आमचे अप्पा ७१ वर्षांचे, गंगाखेडजवळ गावी राहतात. मागच्या दिवाळीत मी माहेरी गेले तर ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, तो डीपीजवळचा खांब वाकलाय का बग जरा." खांब सरळच होता. मग मी त्यांना एक एक डोळा झाकून बघायला लावलं तर डाव्या डोळ्यानं खांब नीट, आणि उजव्यानं बघितलं की बरोबर मधेच वाक आल्यासारखा. पोथी वाचताना पण ओळीतलं मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसायचं म्हणे, पण त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असंल. नांदेडला नेलं, थेंब टाकून डोळ्याचा पडदा बघितला, ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) काढली. निघालं वयामुळं होणारं मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजणं, ड्राय टाइप, मधल्या टप्प्यावरचं. पडद्याखाली पाणी किंवा रक्त नव्हतं म्हणून इंजेक्शनची गरज पडली नाही, पण रेषा अजून वाकड्या दिसायला लागल्या तर त्याच दिवशी या असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, आणि घरी रेषा तपासायला एक चौकटींचा कागद दिला.

डॉक्टरांनी जे लिहून दिलं त्यात ल्युटीन १० मिलिग्रॅम आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम होतं, दोन्ही पडद्याच्या मधोमध साठणारी पिवळी द्रव्यं. हा आकडा उगाच कुठून आलेला नाही. अमेरिकेत चार हजारांवर लोकांवर एरेड्स-२ नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१३ ला त्याचे निकाल आले, त्यातलाच हा डोस आहे, सोबत व्हिटॅमिन सी, ई, झिंक आणि कॉपर. त्याच्या आधीच्या अभ्यासात, २००१ च्या, असं दिसलं होतं की मधल्या टप्प्यावरच्या लोकांनी व्हिटॅमिन आणि झिंकचं ते मिश्रण घेतलं तर आजार शेवटच्या टप्प्यावर जायचा धोका पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी होतो. कमी होतो म्हणजे तेवढाच, गेलेली नजर परत येत नाही, आणि मोतीबिंदूवर तर याचा काहीच उपयोग नाही. हे आम्हाला आधीच नीट सांगितलं गेलं ते बरं झालं.

आता पहिली तक्रार. चिठ्ठीवरचा ब्रँड नव्हता म्हणून मेडिकलवाल्यानं "सेमच आहे, उलट यात जास्त गोष्टी आहेत" म्हणून दुसरंच पाकीट दिलं. रात्री मी मोबाईलचा टॉर्च लावून मागचं बारीक वाचलं तर त्यात बीटा कॅरोटीन. अप्पांनी चाळीस वर्षं बिडी ओढलीय, सोडून सहाच वर्षं झालीत. बीटा कॅरोटीन म्हणजे गाजरातलं तेच, ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं, पण फिनलंडमधे बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना त्याच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या तर फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, हे १९९४ ला छापून आलंय. एरेड्स-२ मधे पण बीटा कॅरोटीनवाल्या गटात कॅन्सर जास्त दिसला, आणि ज्यांना झाला ते बहुतेक आधी ओढून सोडलेले होते. म्हणून तर २००१ च्या मिश्रणातल्या बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन आणलं. सकाळी पहिल्या गाडीनं जाऊन पाकीट बदलून आणलं. आपल्याकडं बिडी-सिगारेट ओढलेली माणसं घरोघर आहेत, म्हणून सांगते, "सेमच आहे" वर विश्वास ठेवू नका, मागचं वाचा.

दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागली ती माझीच चूक. अप्पा पहाटे पाचला उठतात, काळा चहा घेतात, मी कॅप्सूल त्या चहासोबत लावून दिली कारण तेव्हा ते विसरत नाहीत. पाकिटावर "रोज एक कॅप्सूल" एवढंच. दोन महिने असं चाललं, मग दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं कशासोबत घेता, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "यातलं फार थोडं आत गेलं असणार."

कारण असं की ल्युटीन पाण्यात विरघळतच नाही, ते तेलात विरघळणारं आहे. आतड्यात तेलाचं जेवण आलं की पित्त सुटतं, पित्त आणि तेल मिळून बारीक बारीक कण तयार होतात, त्या कणांत बसूनच ल्युटीन आतड्याच्या भिंतीतून आत जातं, पुढं चरबीच्या थेंबांसोबत रक्तात, आणि रक्तातून पडद्यापर्यंत. जेवणात तेल-तूप नसलं की पित्तही जेमतेमच सुटतं, मग गोळी आत येऊन तशीच खाली निघून जाते. काळ्या चहात कसलं तेल. आपलं शरीर ल्युटीन स्वतः बनवत पण नाही, जे तोंडातून जाईल आणि आत शोषलं जाईल तेवढंच, म्हणून हे शोषण म्हणजे निम्मी गोष्ट झाली.

त्यात अजून एक फरक आहे तो लेबलवर शोधावा लागतो. ल्युटीन काढतात कशातून तर झेंडूतून. हो, आपला दसऱ्याचा झेंडू. फुलातलं ल्युटीन फॅटी ॲसिडला जोडलेलं असतं, त्याला एस्टर म्हणतात, काही कंपन्या ते तसंच भरतात आणि काही जण ते तोडून मोकळं ल्युटीन भरतात. एस्टर असेल तर आतड्यात आधी ते तुटावं लागतं आणि त्याला तेल जास्त लागतं. २००० साली हॉलंडमधल्या लोकांनी हे करून बघितलं होतं, बीटा कॅरोटीनला जेवणात ३ ग्रॅम फॅट पुरलं, पण ल्युटीन एस्टर ३६ ग्रॅम फॅटसोबत दिलं तेव्हा रक्तातली वाढ ३ ग्रॅमवाल्यांच्या दुपटीहून जास्त होती. ३६ ग्रॅम तेल रोज कुणी खाऊ नये, पण नुसत्या पोटी घेण्यात काही अर्थ नाही हे त्यातून कळतं.

मग मी एक कॅप्सूल कापून बघितली. आमची मऊ कॅप्सूल आहे, आतून गडद नारिंगी, जवळजवळ विटकरी रंगाचं घट्ट तेल निघालं, बोटाला लागलं ते साबणानं दोनदा धुतलं तरी नखाच्या कडेला हळदीसारखं राहिलं. म्हणजे निदान ल्युटीन आधीच तेलात आहे. आधी बदलून दिलेलं पाकीट कोरड्या गोळीचं होतं. मऊ कॅप्सूल घ्या असं मी सांगेन, पण ती पण जेवणासोबतच, आतलं तेल थेंबभरच असतं.

लेबलचा अजून एक हिशोब. एका पाकिटावर मोठ्या अक्षरात ५० मिलिग्रॅम होतं, मी खूष झाले, मग खाली बारीक लिहिलेलं, "१० टक्के". म्हणजे झेंडूचा अर्क ५० आणि ल्युटीन त्यातलं ५ च. दुसऱ्याचं ५० पण २० टक्के, म्हणजे बरोबर १०. किंमत दोघांची जवळपास सारखीच. आणि असल्या पाकिटांवर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते वाचून अप्पा घाबरले होते, फूड सप्लिमेंट म्हणून विकतात त्यांना ते छापावंच लागतं.

आता अप्पा दुपारी भाकरीसोबत घेतात. आई करडईच्या तेलात पालक नाहीतर मेथी परतते, शेंगदाण्याची चटणी असते, त्यावर अजून थोडं तेल, तेवढं बास. पालकाचं पण सांगते, शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात ल्युटीन-झियाझँथिन मिळून १०-११ मिलिग्रॅम असतं, म्हणजे कॅप्सूलएवढंच, फक्त ते पानाच्या आत अडकलेलं असतं म्हणून बारीक चिरून, शिजवून, तेलात केलं की जास्त सुटतं. अंड्यात आकडा छोटा आहे पण पिवळ्या बलकातच फॅट असल्यामुळं ते फार चांगलं शोषलं जातं, अमेरिकेत गोळी, पालक आणि अंडी असं सारख्याच डोसमधे देऊन बघितलं तर रक्तात सगळ्यात जास्त अंड्याचं चढलं. अप्पा माळकरी, त्यामुळं अंड्याचा विषयच मी काढला नाही.

फरक पडला का, हे सगळे विचारतात. खांब अजून वाकडाच दिसतो. वाढलेलं मात्र नाही, मागच्या महिन्यातली ओसीटी पहिल्यासारखीच आली, आणि हे कॅप्सूलमुळंच असं मी छातीठोक म्हणणार नाही, हा आजार असाही हळू चालतो. रक्तात ल्युटीन चढायला काही आठवडे लागतात, पडद्यावरचा पिवळा थर वाढायला तर महिनेच, त्यामुळं एक पाकीट खाऊन बंद करणाऱ्यांना काही कळणार नाही.

माझ्या नणंदेनं लेकराचा मोबाईल सुटत नाही म्हणून तेच पाकीट मागवायला सांगितलं, मी नाही मागवलं. पडद्याचा आजार नाही त्यांना याचा फायदा त्या अभ्यासांत दिसलेला नाही, साडेपाचशे रुपयांत महिनाभराची पालेभाजी येते.

कॅप्सूल म्हणून पाचपैकी चार स्टार, लेबलला दोन. "तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्या" एवढी एक ओळ छापली असती तर आमचे दोन महिने वाचले असते. पाकीट आता आईनं चटणीच्या बरणीशेजारी ठेवलंय, आणि चौकटींचा कागद दाराला चिकटवलाय, दर रविवारी चष्मा लावून, एक डोळा झाकून अप्पा बघतात आणि मला फोन करतात.