रेशमी कपड्यांसाठी रिठा: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी गणपतीत सासऱ्यांच्या सोवळ्याच्या कदाला, म्हणजे पूजेच्या रेशमी धोतराला, हळदीचे बोट लागले. घाईघाईत मी त्यावर कपडे धुण्याची वडी चोळली, तेव्हा तो पिवळा डाग बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. वडीतल्या सोड्यानेही तेच होते. डागापेक्षा मला त्या सोड्याची धास्ती अधिक वाटली. रेशमाचा धागा केसांसारखाच प्रथिनांचा बनलेला असतो आणि सोड्यासारख्या खाराने तो हळूहळू निस्तेज व ठिसूळ होत जातो. शिवाय बऱ्याच धुण्याच्या पावडरींमध्ये दुधाचे, रक्ताचे डाग निघावेत म्हणून प्रथिने तोडणारे एन्झाइम घातलेले असतात, आणि डाग कोणता व धागा कोणता हा भेद त्यांना करता येत नाही. त्या दिवसापासून घरातले बहुतेक रेशीम मी रिठ्याने धुते आहे.

प्रथम खरेदीविषयी. काष्ठौषधींच्या दुकानात रिठा अख्खा मिळतो आणि पाकिटात त्याची पूडही मिळते. पूड सोयीची वाटते, परंतु रेशमासाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे बारीक कण साध्या गाळणीतून सुटतात आणि बुट्ट्यांच्या मागे मोकळ्या सुटलेल्या धाग्यांत अडकून बसतात. वाळल्यावर ते तपकिरी ठिपक्यांसारखे दिसतात आणि झटकूनही जात नाहीत. अख्खे रिठे फोडून आतली काळी बी काढून टाकावी, कारण फेस येतो तो वरच्या सालीमुळे. एका साडीसाठी दहा-बारा रिठ्यांची साल रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी दहा मिनिटे उकळावी, पूर्ण गार होऊ द्यावी आणि जुन्या सुती पंचातून गाळून घ्यावी. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे.

वापरण्यापूर्वी मी हळद लावलेली एक चिंधी या पाण्यात बुडवून पाहिली. ती तासाभरानंतरही पिवळीच राहिली, आणि या पाण्यात खार नाही याची मला खात्री पटली. दुसरी गोष्ट आमच्या बोअरच्या जड पाण्याची. त्यात साबण फाटतो आणि त्याचा पांढरट थर गडद रंगाच्या रेशमावर बसतो. रिठ्याचा फेस मात्र जड पाण्यातही टिकतो आणि असा थर धरत नाही. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे राहणाऱ्यांना हा गुण फार उपयोगी पडेल.

अर्धी बादली थंड पाण्यात हे पाणी मिसळून कपडा पाच मिनिटे बुडवून ठेवावा आणि हलक्या हाताने खळबळावा. ब्रश लावू नये, आपटू नये आणि पिळू तर मुळीच नये, कारण ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असते. त्यानंतर दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढून टॉवेलमध्ये गुंडाळावे आणि टॉवेल दाबून पाणी टिपावे.

कदाच्या बाबतीत रिठ्याला मी पूर्ण गुण देते. तो दर आठवड्याला पूजेनंतर धुतला जातो आणि वर्षभरानंतरही त्याची सळसळ कायम आहे. गडद निळ्या रेशमी साडीचा रंगही जसाच्या तसा राहिला. मात्र यजमानांच्या हस्तिदंती रंगाच्या कुर्त्यावर तिसऱ्या धुण्यानंतर पिवळसर छटा आली, ती अद्याप गेलेली नाही. रिठ्याचे पाणी मुळातच तपकिरी असल्यामुळे पांढऱ्या आणि फिकट रेशमाला ते वापरू नये. तिथे लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रव साबणच बरा. तुपाच्या डागावरही रिठा एकटा पुरा पडत नाही. डाग ताजा असतानाच त्यावर शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड पसरून रात्रभर ठेवावी, सकाळी ती झटकावी आणि मग कपडा धुवावा.

पैठणीला मात्र मी रिठा लावलेला नाही आणि लावणारही नाही. काठ आणि पदर वेगळ्या रंगाचे असले की एकाचा रंग दुसऱ्यावर उतरण्याचा धोका असतो, आणि पाण्याने जरीची तार काळवंडते ती वेगळीच. इतर कोणतीही रंगीत साडी पहिल्यांदा धुण्याआधी ओला पांढरा रुमाल पदराच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून पाहावा. रुमालावर रंग उतरला तर ती ड्रायक्लीनला द्यावी. तिथेही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, कारण एका दुकानातून माझ्या आईची साडी जरीवर थेट कडक इस्त्री फिरवून परत आली आणि काठाची वीण कायमची चपटी झाली. घरी इस्त्री करताना कपडा किंचित दमट असताना, उलट्या बाजूने, वर सुती कापड घालून आणि मंद आचेवर करावी.

वाळवणे सावलीतच. ठेवताना साडी मलमलीत गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घालावी, म्हणजे जुन्या रेघेवर जरीची तार तुटत नाही. डांबरगोळ्या जरीला टेकता कामा नयेत.

एका साडीच्या ड्रायक्लीनला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात आमच्याकडे जवळजवळ किलोभर रिठे येतात आणि ते वर्षभर पुरून उरतात. घेताना एखादा रिठा कानाशी नेऊन हलवून पाहावा. आतली बी खुळखुळत असेल तर तो नीट वाळलेला आहे असे समजावे. पावसाळ्यात रिठे ओलावा धरून चिकट होतात, त्यामुळे मृगाच्या आधीच घेऊन ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावेत.