ठसठशीत काळे-पांढरे की मऊ करड्या छटा?

कृष्णधवल छायाचित्राला रंगाचा आधार नसतो. त्याची सारी रचना उजेडाच्या पायऱ्यांवर उभी असते. म्हणूनच तीव्र कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक, हवा की मधल्या करड्या छटांचा मऊ विस्तार, हे शटर दाबण्याआधीच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

तीव्र कॉन्ट्रास्टची ताकद अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ मध्ये अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात टिपलेल्या हाफ डोम या कातळी डोंगराच्या छायाचित्रात दिसते. पिवळ्या फिल्टरने आकाश फिकट करडे येईल, हे जाणवल्यावर त्यांनी फिल्मऐवजी वापरायच्या काचेच्या प्लेटपैकी उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे उतरले आणि तो प्रचंड कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. ऊन तिरपे असेल आणि विषयाचा आकारच बोलका असेल, तर हाच मार्ग धरावा. मात्र सावलीतला तपशील त्यात बुडतो, आणि नजर आधी सर्वांत उजळ ठिकाणी जात असल्याने कोपऱ्यात वाळत घातलेला एखादा पांढरा पंचासुद्धा सारे चित्र खाऊन टाकतो.

खिडकीपाशी बसलेल्या माझ्या आजीच्या छायाचित्राचा कॉन्ट्रास्ट मी आधी असाच वाढवला होता. सुरकुत्या चिरा पडल्यासारख्या दिसू लागल्या, पांढरे केस भिंतीत विरून गेले आणि धुऊन धुऊन विटलेल्या नऊवारीच्या पदराची वीण नाहीशी झाली. कॉन्ट्रास्ट उतरवल्यावर हे सगळे परत आले. त्वचा, कापड, धुके, ढगाळ उजेड यांना मऊ छटाच न्याय देतात. फक्त कुठेतरी थोडासा खरा काळा रंग राखावा, नाहीतर चित्र मळकट वाटते.

उजळपणाचा प्रश्न याहून वेगळा आहे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्याकडे ओढतो, म्हणून धुक्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, साधारण एक स्टॉप (दुप्पट) वाढवावे आणि काळ्या कातळासाठी एक स्टॉप (निम्मे) कमी करावे. रंगांच्या भरवशावरही राहू नये: हिरव्या भाताच्या खाचरात उठून दिसणारे लाल लुगडे कृष्णधवलात पिकाच्याच करड्या छटेत मिसळून जाऊ शकते.

निर्णय होतच नसेल, तर उजळ भाग जळणार नाहीत, म्हणजे निव्वळ पांढरे होणार नाहीत, इतके एक्स्पोजर ठेवून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्यावी. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो, पण जळलेल्या पांढऱ्यातला तपशील परत मिळत नाही.