एअर रायफलचा अडकलेला स्क्रू: तेल, उष्णता, ठोका की लेथवाला?

चार महिने कोकणातली किंवा मुंबईतली दमट हवा खाऊन एअर रायफल कव्हरमधून बाहेर येते, तेव्हा तिचा एखादा तरी स्क्रू हटून बसलेला असतो. सहसा दस्त्याच्या, म्हणजे रायफलीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या धरायच्या भागाच्या, पुढच्या बाजूला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, त्यातला एक. नाहीतर ट्रिगर गार्डमधला. दस्ता उतरल्याशिवाय आतलं काही करता येत नाही, त्यामुळे सगळं काम तिथेच अडतं.

बारा बोअर किंवा पॉइंट टूटूची काडतुसाची बंदूक असेल तर पुढचं वाचूच नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून ती नाक्यावरच्या फिटरकडे नेणं हेच मुळात चूक. परवानाधारक बंदूकवाल्याकडे न्या, विषय संपला. हा आढावा ४.५ मिमी छर्र्याच्या, २० ज्यूल ताकदीच्या आतल्या, परवाना न लागणाऱ्या एअर रायफलीपुरता.

सुरुवातीला रायफल कॉक केलेली (झाडायला ताणून ठेवलेली) नाही आणि नळीत छर्रा नाही, हे बघून घ्या. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल असेल तर सिलिंडर उतरवा किंवा हवा पूर्ण सोडा. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो, आणि त्या दाबाखाली कोणता स्क्रू नुसता दस्ता धरून बसलाय आणि कोणता हवा अडवून, हे बाहेरून कळत नाही. स्प्रिंगवाल्या रायफलीत दस्त्याचे स्क्रू सैल केल्याने स्प्रिंग उसळत नाही. पण स्प्रिंगला मागून अडवणारा ब्लॉक किंवा तो धरणारी पिन हे वेगळं प्रकरण आहे. स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर तिकडे हात लावू नये.

कोणता उपाय करायचा हे स्क्रू कशाने अडकलाय यावर ठरतं, किती जोर लावता यावर नाही. कडेला तपकिरी रेघ दिसली तर गंज. ॲल्युमिनियमच्या भागात पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियमचा गंज; नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या मॅच रायफलींत घामाने हे होतं. आजूबाजूच्या स्क्रूंच्या आट्यांवर निळे किंवा लाल कण असतील तर कारखान्यात थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) लावलेलं आहे, आणि त्यावर तेल ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणखी एक कारण दरवेळी आपण स्वतः तयार करतो: चुकीचा स्क्रू ड्रायव्हर. घरातल्या नेहमीच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. खाचेत ते फक्त वरच्या कडांना टेकतं आणि जोर लावला की वर सरकतं. मग खाचेच्या दोन्ही ओठांवर चकचकीत धातूचा उचललेला काठ दिसतो, बोटाला टोचणारा. असा काठ दिसला की थांबायचं. बंदूक दुरुस्तीच्या बिट्सचं (स्क्रू ड्रायव्हरच्या सुट्या पात्यांचं) टोक समांतर घासलेलं असतं, ते खाचेच्या तळापर्यंत भिंतींना चिकटून बसतं. तसं बिट मिळत नसेल तर जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक कानशीने खाचेच्या मापाला घासा. माझं मत विचाराल तर, तेल की उष्णता हा वाद घालण्याआधी हे अर्ध्या तासाचं काम केलं तर निम्मे स्क्रू तिथेच सुटतात. षटकोनी खाचेचा ॲलन स्क्रू असेल तर झिजलेली चावी फेकून नवी आणा.

आता तेल. गंज असेल तर पहिली निवड हीच, कारण चुकलं तरी नुकसान कमी. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे सगळीकडे मिळतो, पण त्याचा मूळ उपयोग धातूवरचं पाणी हटवणं हा. जुन्या गंजासाठी फटीत झिरपणारं खास पेनिट्रेटिंग ऑइल बरं. रॉकेल हा आपला जुना उपाय चालतो, फक्त वेळ घेतो. ॲसिटोन आणि गिअर ऑइलचं घरगुती मिश्रण मी तरी रायफलीवर वापरणार नाही: ॲसिटोन दस्त्याचं पॉलिश उतरवतं आणि बऱ्याच प्लास्टिकना खातं. स्प्रे थेट मारू नका. इंजेक्शनच्या सिरिंजने डोक्याच्या कडेला एक-दोन थेंब सोडा, स्क्रूच्या डोक्यावर हलके ठोके द्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा तेच करा. लाकडी दस्ता तेल पितो, काळा पडतो आणि कालांतराने मऊ होतो. याहून मोठा धोका आतला. तेल कॉम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या पोकळीत उतरलं, तर झाडताना दाबाच्या उष्णतेने ते पेट घेतं, मोठा आवाज होतो आणि सील किंवा स्प्रिंगचा निकाल लागतो. म्हणून रायफल अशी ठेवा, की थेंब चेंबरकडे ओघळणार नाहीत.

उष्णता थ्रेडलॉकरवर आणि ॲल्युमिनियमवर भारी पडते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या भोकातला पोलादी स्क्रू गरम असताना ढिला पडतो. निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर बऱ्याचदा नुसत्या चांगल्या बिटला ऐकतं. लाल मात्र साधारण २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय सोडत नाही. इथे हीट गनपेक्षा साधी सोल्डरिंग आयर्न कितीतरी चांगली. तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही मिनिटं धरून ठेवायचं, उष्णता स्क्रूमधूनच आट्यांपर्यंत जाते आणि दस्ता जळत नाही. गरम असतानाच फिरवायचं, गार झाल्यावर नाही. गॅसच्या शेगडीची किंवा टॉर्चची ज्योत इथे नको. पिस्टनचं सील प्लास्टिकचं असतं, ते त्या तापमानाच्या बरंच आधी वितळतं. स्प्रिंगच्या जागी गॅस पिस्टन असलेली रायफल किंवा पीसीपीचं सिलिंडर तापवणं तर निव्वळ वेडेपणा. आधी तेल टाकलं असेल तर ते पुसून, वाळवून मगच आयर्न लावा. ओल्या तेलाचा धूर होतो आणि स्प्रेमधला वायू पेटतो.

तेल आणि उष्णता दोन्हीतून काही हललं नाही, तर लोक हातोडीकडे वळतात. हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीचा ठोका मारला की फिरणारा) मोटरसायकलच्या इंजिनावर अफलातून चालतो. एअर रायफलीत पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर मात्र पातळ नळीचा असतो; तिला बारीक पोचा पडला तरी पिस्टन आत घासतो आणि मग स्क्रू निघूनही उपयोग नसतो. त्याच्याऐवजी एक युक्ती आहे, ती फार कमी जण करतात. पिलर ड्रिलच्या (उभ्या खांबावरच्या ड्रिल मशीनच्या) चकमध्ये ड्रिलऐवजी बिट बसवा, मशीनचा प्लग काढा, रायफल खाली लाकडाच्या आधारावर घट्ट धरवा, दांड्याने बिट खाचेत दाबून ठेवा आणि चक हाताने फिरवा. बिट वर सरकायला जागाच उरत नाही. आधी घट्ट करण्याच्या दिशेला केसभर, मग सोडण्याच्या दिशेला. सुटताना ‘कट्’ असा एक कोरडा आवाज येतो. तो आवाज आला पण बिट एकदम मोकळं फिरलं, तर स्क्रू सुटला नाही, तुटला.

डोकं पूर्ण गेलं असेल तर ड्रिलिंग. इथे बाजारात मिळणारा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर (स्क्रूत भोक पाडून त्यात उलटा रुतवायचा) बघून भुलू नका. तो कडक पोलादाचा असतो, लहान मापात पटकन मोडतो, आणि मोडलेला तुकडा साध्या ड्रिलने कापता येत नाही. त्यापेक्षा फक्त डोकं उडवा: स्क्रूच्या दांड्याहून किंचित मोठं ड्रिल घ्या, खोलीची खूण म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, मध्यभागी पंच मारून सावकाश जा. डोकं वेगळं झालं की दस्ता निघतो. मागे उरलेल्या खुंटावरचा ताण गेलेला असतो, त्यामुळे तो बहुधा साध्या पकडीने फिरतो. उलट्या फिरीचं, डाव्या आट्याचं ड्रिल मिळालं तर आणखी बरं; पुष्कळदा भोक पाडतापाडताच स्क्रू बाहेर येऊ लागतो. हात स्थिर नसेल किंवा घरात फक्त हँड ड्रिल असेल, तर हे काम घरी करू नये असं मला वाटतं. ड्रिल घसरून सिलिंडरला भिडलं, तर नव्या स्क्रूच्या किमतीतलं नुकसान नव्या रायफलीच्या किमतीत जातं.

लेथवाल्याकडे कधी द्यायचं? एक्स्ट्रॅक्टर मोडला असेल तर लगेच. तो तुकडा काढायला लागतं विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं स्पार्क इरोजनचं मशीन, जे भोसरी, चाकण, शिरोली, सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये असतं. साध्या गाळ्यावर मोडक्या स्क्रूवर नट वेल्ड करून काढण्याचा पर्याय हमखास सुचवला जातो. जाड कास्टिंगवर तो उत्तम. पातळ सिलिंडरवर त्याला स्पष्ट नाही म्हणा. शक्य असेल तर दस्ता, स्कोप, ट्रिगर सगळं उतरवून फक्त धातूचा भाग घेऊन जा, म्हणजे काय कुठे वाकेल हे त्यालाही दिसतं.

मॅच रायफल असेल तर माझी निवड वेगळी. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापुरात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात महागड्या परदेशी रायफली असतात. अशा रायफलीवर घरचा प्रयोग योग्य बिट आणि सोल्डरिंग आयर्न यांच्यापुढे नेऊ नये. कोचला विचारून जाणकार आर्मररकडे (नेमबाजीच्या शस्त्रांच्या कारागिराकडे) द्या. त्याच्याकडे स्पर्धेआधी गर्दी असते, म्हणून हंगाम संपल्यावर लगेच.

निघालेला स्क्रू परत बसवू नका, खाच शाबूत दिसली तरी. त्याच मापाचा, त्याच आट्याचा नवा आणा. जुना दुकानात सोबत न्या, कारण आट्याची चाल नजरेने ओळखू येत नाही. बसवताना आट्यांवर अँटीसीझचा (स्क्रू पुन्हा अडकू नये म्हणून लावायच्या लेपाचा) किंवा साध्या ग्रीसचा पातळ हात. स्क्रूचा आटा धरवताना आधी उलटं फिरवून आटा ‘टक्’ करून खाली बसला की मगच सुलट. आणि फोमच्या कव्हरमध्ये पावसाळाभर रायफल बंद करून ठेवू नका; तो फोम ओल धरून ठेवतो. तेलाचा हात मारून सुती कापडात गुंडाळून कपाटात उभी ठेवलेली बरी.