शाळेत ठेवायला घेतलेला स्पेसर, वर्षभराच्या वापरानंतरचं मत

ज्यांच्या पोरांना बालदमा आहे आणि जे अजून नुसता पंप (इनहेलर) दप्तरात टाकून शाळेत पाठवतायत त्यांच्यासाठी लिहितेय. स्पेसर घ्या. एक घरी ठेवा, एक शाळेत. सांगलीत सिव्हिलच्या आसपास मेडिकलमध्ये सहज मिळाला, ₹400 च्या आत.

वस्तू अगदी साधी. पारदर्शक प्लॅस्टिकचं नळकांडं, एका टोकाला पंप बसतो, दुसरं टोक तोंडात धरायचं, मध्ये झडप. नुसता पंप तोंडात दाबला की औषध सुसाट येतं आणि बरंचसं जिभेवर नि घशातच बसतं, दाबणं आणि श्वास ओढणं एका वेळी जमलं तरच नीट आत जातं, आणि हे मोठ्या माणसांना धड जमत नाही तर धाप लागलेल्या पाचवीतल्या पोरीला काय जमणार. स्पेसरमध्ये औषध आधी नळीत थांबतं, मग पोरगी आपल्या चालीनं श्वास घेत ते ओढते. दाबणारं माणूस दुसरं कोणी असलं तरी चालतं, शाळेसाठी हेच महत्त्वाचं, कारण तिथं आपण नसतो.

शाळेचं नाव घेत नाही, पण सुरुवातीला फार त्रास झाला. किट म्हणजे पंप आणि स्पेसर, ते ऑफिसच्या कपाटात कुलपात, चावी क्लार्ककडं, क्लार्क जेवायला गेलेले. नियम काय तर औषधं पोरांच्या हाताला लागू नयेत. अहो पण हे तापाचं सिरप नाही, दम लागलेल्या लेकराला पाच मिनिटं पण फार असतात! दोनदा भेटून, डॉक्टरांची चिठ्ठी देऊन शेवटी वर्गातल्या बाईंच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला परवानगी मिळाली. बाईंनी मात्र मनापासून शिकून घेतलं, दहा मिनिटांत जमलं त्यांना, आता पीटीच्या सरांनापण त्यांनीच शिकवलंय.

डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेला कागद किटमध्येच ठेवलाय. पोराला ताठ बसवायचं, आडवं झोपवायचं नाही. पंप हलवायचा, स्पेसरला लावून एकच दाब, मग तोंड न काढता पाच-सहा सावकाश श्वास. मग परत हलवून दुसरा. असे चार. चार मिनिटं थांबून बघायचं, फरक नसेल तर आणखी चार, तरी नाही तर 108. आणि वाक्य पुरं बोलता येत नसेल, बरगड्यांच्या मधली कातडी आत खेचली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाट बघत न बसता थेट 108 आणि गाडी येईपर्यंत पंप चालू. बरेच जण चार दाब एकदम नळीत भरतात, तसं करू नका, औषध वाया जातं. कागदावर कुठला पंप तेपण नावानं लिहा, आमच्याकडं इमर्जन्सीचा साल्ब्युटामॉलचा आहे, त्यावर मी मोठ्या अक्षरात चिकटपट्टी लावलीय. पंप रंगावरून ओळखू नका.

जानेवारीत ग्राउंडवर खो-खो चालू होता. बाजूच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं, हंगामात आपल्याकडं हे रोजचंच, काळी काजळी पोरांच्या शर्टावर पडत होती आणि माझ्या पोरीला खोकला सुरू झाला तो थांबेना. सरांनी पायरीवर बसवलं, ड्रॉवरमधून किट आणायला एक पोरगा पळाला, सर स्वतः मोठ्यानं श्वास मोजत होते. चार दाबांनंतर दहाएक मिनिटांत ती नीट बोलायला लागली. मला फोन आला तो 'झालं आता, बरी आहे' असा आला, त्याआधी वर्षभर शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा यायचा.

घरात आणि शेजारीपाजारी दोन गोष्टी सारख्या ऐकवतात. एक म्हणजे पंपाची सवय लागते. नाही लागत. पण इमर्जन्सीचा पंप आठवड्यात सारखा सारखा लागत असेल तर दमा कंट्रोलमध्ये नाही असा अर्थ होतो, तेव्हा डॉक्टरांकडं जा, रोजचा स्टिरॉइडचा पंप चालू असेल तर तो बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, आणि तो घेतला की चूळ भरायला लावा. दुसरी म्हणजे पंपापेक्षा नेब्युलायझर (औषधाचा धूर करून देणारं मशीन) भारी. मुलांच्या साध्या-मध्यम अटॅकला स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि पंपाला लाइट लागत नाही. केपटाऊनच्या डॉक्टरांनी तर 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापलेल्या अभ्यासात अर्धा लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून, पंप घट्ट बसवून तिचा स्पेसर केला होता आणि तो तयार स्पेसरच्या तोडीचा निघाला. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना हे माहीत असायला हवं असं फार वाटतं मला.

उणिवा सांगते. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मावत नाही. स्पेसरच्या खोक्यातला माहितीचा कागद सगळा इंग्रजीत, बाईंना मला बसून समजवावा लागला. लहान पोरांचा मास्क वेगळा घ्यावा लागतो, अंगणवाडीच्या लेकरांना बहुधा मास्क लागतो आणि तो नाकातोंडाला घट्ट बसला नाही तर औषध बाहेरच जातं, म्हणून दुकानात पोराला घेऊन जा. धुवायचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात आणि मग तसंच वाळू द्यायचं, फडक्यानं आतून पुसायचं नाही, पुसलं की प्लॅस्टिकवर स्टॅटिक (स्थिर वीज) येतं आणि औषध भिंतीलाच चिकटतं. एकाचं तोंड लावलेला स्पेसर दुसऱ्याला अजिबात नाही, सर्दीखोकल्याच्या दिवसांत तर नाहीच.

आणि सर्दी हेच पोरांच्या अटॅकचं सगळ्यात मोठं कारण, त्यामुळं नुसत्या स्पेसरवर भागत नाही. ताप असलेलं पोर 'परीक्षा आहे' म्हणून पाठवायचं बंद करा, गोळीशिवाय 24 तास ताप नसला की मग पाठवा. वर्गाच्या खिडक्या पावसातसुद्धा थोड्या उघड्या ठेवायला सांगा. पुराचं पाणी शिरलेल्या जुन्या खोल्यांच्या भिंतींना बुरशी असेल तर पालकसभेत तो विषय काढा, 2019 आणि 2021 नंतर किती शाळांत तो वास होता ते आपण सगळ्यांनी बघितलंय. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आम्ही पावसाळ्याच्या आधी देतो.

सुट्टीतल्या शिबिराला पाठवणार असाल तर फॉर्मवर दमा लिहा, लपवू नका, आणि किट संयोजकांच्या हातात देताना एकदा समोर वापरून दाखवा. जाण्याआधी पंपाची एक्सपायरी बघा. साधारण 200 दाबांचा असतो, हलवून किती उरलंय ते कळत नाही, त्यामुळं काउंटर असलेला मिळाला तर तोच घ्या.