सी भाषेत तारीख-वेळ मजकुरात कशी लिहावी : स्ट्रएफटाइम, एसएनप्रिंटएफ की हाताने लिहिलेला कोड?

पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या पॅकहाऊसमध्ये किंवा शीतगृहात द्राक्षांचे तापमान नोंदवणारे उपकरण बसवायचे असेल, तर प्रत्येक नोंदीपुढची वेळ पुढे निर्यातीच्या कागदांत वाचली जाते. ०५/०४ असे लिहिले तर एक जण ५ एप्रिल वाचतो आणि दुसरा ४ मे. म्हणून नोंदीचा साचा आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, म्हणजे २०२६-०४-०५T१४:०७:०९+०५:३० असा ठेवावा, हे मी गृहीत धरतो. ही २५ अक्षरे आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट मिळून बफर, म्हणजे मजकूर ठेवायची मेमरीतली जागा, २६ बाइटांचा लागतो. हा मजकूर तयार कोणत्या मार्गाने करावा, एवढाच प्रश्न उरतो.

सी भाषेतल्या एएससीटाइम (asctime) आणि सीटाइम (ctime) या तयार फंक्शनांचा विचार करू नये. त्यांचा साचा बदलता येत नाही, ती सामायिक बफर परत करतात आणि सी२३ मानकाने दोन्ही कालबाह्य ठरवली आहेत.

उपकरणांच्या नोंदी गोळा करणाऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या गेटवेसाठी दिलेल्या साच्यात तारीख-वेळ लिहिणारे स्ट्रएफटाइम (strftime) ही माझी पहिली निवड आहे. सीच्या वेळ ठेवणाऱ्या रचनेत (struct tm) महिना ० ते ११ असा मोजलेला असतो आणि वर्ष १९०० पासून धरलेले असते, हे त्या फंक्शनला ठाऊक असल्याने आपल्याला बेरीज करावी लागत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बफर अपुरा पडला तर ते शून्य परत करते आणि त्यानंतर बफरमध्ये काय आहे याची कोणतीही हमी नसते. त्यामुळे परत आलेला आकडा न तपासता बफर छापणे चुकीचेच आहे. शिवाय टक्क्यापुढे लहान झेड लिहिल्यास +०५३० मिळते, मधला कोलन (:) मिळत नाही, आणि इंटरनेटवरच्या तारीख-वेळेच्या आरएफसी ३३३९ या मानकाला तो हवा असतो. भारतात घड्याळ ऋतूनुसार पुढे-मागे करत नाहीत, म्हणून +०५:३० हा भाग साच्यात सरळ स्थिर मजकूर म्हणून लिहावा. फक्त हातातली वेळ खरोखर भारतीय आहे, युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नाही, याची आधी खात्री करावी.

कोणतेही आकडे साच्यात मजकूर म्हणून लिहिणारे एसएनप्रिंटएफ (snprintf) याहून मोकळे आहे. लोकेलमुळे, म्हणजे यंत्राच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमुळे, महिन्याचे नाव बदलण्याचा प्रश्न येत नाही आणि बफर लहान पडला तर किती अक्षरे लागली असती, ते परत आलेल्या आकड्यावरून कळते. परंतु येथे महिन्यात १ आणि वर्षात १९०० मिळवण्याची जबाबदारी आपली असते. आमच्या एका लॉगरमध्ये महिन्याची ती बेरीज माझ्याकडून राहिली होती. उपकरण जानेवारीत सुरू झाले, नोंदीत महिना ०० दिसला आणि चूक त्याच दिवशी सापडली. तेच उपकरण फेब्रुवारीत बसवले असते तर महिना ०१ दिसला असता, तारीख खरी वाटली असती आणि हंगामाच्या नोंदी एक महिना मागे गेल्या असत्या. तेव्हापासून मी चाचणीत जानेवारी आणि डिसेंबर या दोन्ही तारखा घेतो.

लहान मायक्रोकंट्रोलरवर मात्र मी हाताने लिहिलेल्या कोडच्या बाजूने आहे. एटीमेगा३२८पीमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम असते. केवळ तारखेसाठी प्रिंटएफचे सगळे कुटुंब त्यात आणणे परवडत नाही. त्यातच डीएस१३०७ किंवा डीएस३२३१ यांसारखे घड्याळ आकडे बीसीडी स्वरूपात देते, म्हणजे एका बाइटच्या वरच्या चार बिटांत दशक आणि खालच्या चार बिटांत एकक असतो. प्रत्येकात ४८ मिळवले की आस्की अंक तयार होतो. भागाकारही करावा लागत नाही. काळजी मास्कची, म्हणजे नको असलेले बिट काढून टाकण्याची, घ्यावी. डीएस१३०७ मध्ये सेकंदांच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट घड्याळ थांबवण्यासाठी, तर डीएस३२३१ मध्ये महिन्याच्या बाइटचा तोच बिट शतकासाठी वापरला जातो; तो काढून न टाकता ४८ मिळवले तर चुकीचा अंक किंवा अंकाऐवजी भलतेच अक्षर छापले जाते.

पॅकहाऊसमधल्या पडद्यावर तारीख मराठीत दाखवायची असेल, तर वरील २६ बाइटांचा हिशोब लागू पडत नाही. युटीएफ-८ मध्ये देवनागरी अंकाला ३ बाइट लागतात, म्हणून वरचीच नोंद देवनागरी अंकांत शून्य बाइटसह ६२ बाइटांची होते, आणि ‘फेब्रुवारी’ हा एकच शब्द ३० बाइट घेतो. स्ट्रएफटाइमला लोकेलनुसार महिन्याचे मराठी नाव देता येते, पण ते लोकेल त्या यंत्रावर बसवलेले असावे लागते. मी पडद्यासाठी स्वतंत्र मोठा बफर आणि बारा नावांचा तक्ता ठेवतो, आणि नोंदीच्या ओळीत आस्की अंकांशिवाय दुसरे अंक येऊ देत नाही.