उद्या नसलेल्या मुलांचे वसतिगृह

काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही इंग्रजी कादंबरी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचली. 2017 मध्ये लेखकाला साहित्याचे नोबेल मिळाले. विज्ञानकथा म्हणून ती हाती घेणारा मराठी वाचक सुरुवातीला थोडा बुचकळ्यात पडेल. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या कथा वाचत आम्ही वाढलो. तेथे विज्ञानातील एखादी कल्पना मध्यभागी असते आणि कथा तिच्याभोवती उलगडत जाते. इशिगुरो मात्र प्रयोगशाळेचे दारसुद्धा उघडत नाहीत. ते आपल्याला एका निवासी शाळेत नेतात आणि मुलांची भांडणे, रुसवे, चोरून जपलेल्या वस्तू यांतच गुंतवून ठेवतात.

हेलशॅम नावाच्या या शाळेतील मुले मानवी प्रतिकृती, म्हणजे क्लोन, आहेत. मोठेपणी त्यांचे अवयव टप्प्याटप्प्याने काढून घेतले जाणार आणि फार तर चौथ्या शस्त्रक्रियेपर्यंत त्यांचे आयुष्य संपणार, हे आधीच ठरलेले आहे. पूर्वार्धातच हे उघड होत असल्यामुळे येथे सांगितल्याने रसभंग होणार नाही.

वसतिगृहांची जननी म्हणवणाऱ्या आमच्या शहरात ही कादंबरी वेगळ्या तऱ्हेने टोचते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी राहिली, ती शिकलेल्या मुलाचे आयुष्य त्याच्या बापाच्या आयुष्याहून वेगळे होईल या विश्वासावर. हेलशॅममध्येही चित्रकला आणि कविता मन लावून शिकवल्या जातात, मुलांच्या प्रकृतीची काळजी घेतली जाते. पण त्या शिक्षणाच्या पुढे काहीच नाही. मिस लूसी ही शिक्षिका मुलांना हे स्पष्ट सांगू पाहते आणि तिला शाळेतून जावे लागते. सत्य झाकले म्हणूनच मुलांना बालपण लाभले, असे मुख्याध्यापिका मिस एमिली यांचे म्हणणे. कादंबरी या वादाचा निवाडा करत नाही. मी मिस लूसीच्या बाजूचा आहे, तरीही मिस एमिलींचे बोलणे वाचून होईपर्यंत त्यांच्यावर पूर्ण रागावता आले नाही, हे लेखकाचे सामर्थ्य मानावे लागते.

कॅथी, रूथ आणि टॉमी या तिघांची मैत्री हा कादंबरीचा गाभा आहे, आणि ती मैत्री मुळीच निर्मळ नाही. रूथ फुशारकी मारते, खोटे बोलते, आपल्या दोन मित्रांच्या आड येते. आपली पेन्सिलपेटी आवडत्या शिक्षिकेने दिल्याचे ती सुचवत राहते. कॅथी तिचे खोटे उघडे पाडण्याच्या बेताला येते, पण रूथचा पडलेला चेहरा पाहून कॅथीला स्वतःचीच लाज वाटते, आणि पुढे दुसरी मुलगी त्या पेटीबद्दल खोदून विचारू लागताच कॅथीच रूथची बाजू सावरून घेते. कॅथीची लाडकी कॅसेट हरवते तेव्हा रूथ तिला दुसरीच एक कॅसेट आणून देते. संगीत अगदी निराळे असते, रूथला त्यातला फरकही कळत नाही. पण कॅथी ती कॅसेट जन्मभर जपते. कुणाला क्षमा कशी केली जाते, हे इतक्या साध्या प्रसंगांतून दाखवणारे लेखन मी फार थोडे वाचले आहे.

एकतीस वर्षांची कॅथी हे सारे आठवून सांगते. अवयव दिलेल्यांची शुश्रूषा करण्याचे काम ती अकरा वर्षांहून अधिक काळ करत आली आहे. तिच्या देखरेखीखालचा एक मरणासन्न रुग्ण हेलशॅमच्या गोष्टी पुनःपुन्हा विचारतो. स्वतःचे बालपण त्याला आठवायचे नसते. कॅथीचे बालपणच आपले म्हणून आठवत मरावे, अशी त्याची इच्छा असते. हा प्रसंग अगदी आरंभी येतो आणि संपूर्ण कादंबरीवर त्याची छाया राहते.

आमच्या वाचकमित्रांच्या बैठकीत ‘ही मुले पळून का जात नाहीत?’ असा आक्षेप एका मित्राने जोराने मांडला. मला तो मान्य नाही. कुंपण नसताना, गाडी चालवत देशभर फिरता येत असतानाही ही माणसे पळत नाहीत, कारण लहानपणापासून दुसरे आयुष्य त्यांच्या कल्पनेतच उतरलेले नाही. खरे प्रेम सिद्ध करणाऱ्या जोडप्याला तीनचार वर्षांची मुदतवाढ मिळते, अशी अफवा त्यांच्यात असते, आणि त्यांची सर्वांत मोठी आशा तेवढीच. मृत्यूपुढे आपणही सुटका मागत नाही. मुलीचे लग्न होईपर्यंत, नातवंड पाहीपर्यंत एवढाच अवधी मागतो.

उणीव सांगायची तर मधला, शाळा सुटल्यानंतरचा भाग रेंगाळतो, आणि ‘ते पुढे सांगेन’ ही कॅथीची सवय काही ठिकाणी अती होते. भाषा मात्र इतकी सोपी आहे की इंग्रजी वाचनाचा फारसा सराव नसलेल्यालाही अडचण येऊ नये. 2010 चा चित्रपट आधी पाहू नये. पडद्यावरच्या पहिल्याच मजकुरात 1952 मधील वैद्यकीय शोधाचे सांगून तो पार्श्वभूमी स्पष्ट करतो, आणि मुलांबरोबर हळूहळू जाणते होण्याचा जो अनुभव कादंबरी देते, तो त्यामुळे हुकतो.